ग्राफिक्स कार्डाची कुळकथा

महाविद्यालयांच्या प्रवेशाचे दिवस आले म्हणजे लॅपटॉपची खरेदी हा मध्यमवर्गीय घरांत एक गंभीर प्रश्न होऊन बसतो. पूर्वीं दागदागिन्यांच्या खरेदीस जशीं घरांतील चार वडील माणसें लागत, तसा आज या एका यंत्रासाठीं शेजारचा इंजिनिअर, पुण्याचा भाचा आणि दुकानदार अशा तिघांचा सल्ला घेतला जातो. या यंत्राच्या सर्व अंगोपांगांत ज्या अंगाविषयीं घेणारा सर्वांत अधिक बोलतो आणि सर्वांत कमी जाणतो, तें म्हणजे ग्राफिक्स कार्ड होय. मुलास फावल्या वेळीं घटकाभर खेळावयाचें असतें. शिवाय त्याला किंवा त्याच्या बहिणीला व्हिडिओ जोडणें, चित्रें रंगविणें, त्रिमिति आकृति घडविणें असलें कांहीं तरी कामहि करावयाचें असतें. दुकानदार त्यांच्यापुढें दोन आंकडे टाकतो आणि ऐपत असेल तर मोठा आंकडा घ्या, असें सुचवितो. हा सल्ला पुष्कळदां फसवा ठरतो. तो कां फसवा ठरतो हें समजण्यास या वस्तूचा इतिहास थोडा उलगडून पाहिला पाहिजे. कारण खोक्यावर छापलेलें प्रत्येक अक्षर हें कोणत्या तरी जुन्या चढाओढीचा किंवा तडजोडीचा अवशेष आहे.

पहिली गोष्ट ही कीं, खेळ आणि काम हीं दोन्हीं भावंडें एकाच घरचीं आहेत. अमेरिकेंतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९६२ सालीं स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनीं पीडीपी-१ नांवाच्या गणकयंत्रावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. दोन अग्निबाण, मध्यें एक तारा, आणि त्या ताऱ्याचें गुरुत्वाकर्षण सांभाळून एकमेकांवर मारा करावयाचा, एवढाच तो खेळ. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९६३ सालीं, त्याच संस्थेंतील इव्हान सदरलंड या विद्यार्थ्यानें आपल्या पीएच्. डी.च्या प्रबंधासाठीं ‘स्केचपॅड’ सिद्ध केलें. त्यांत मनुष्यानें प्रकाशलेखणीनें पडद्यावर आकृति काढावी, या दोन रेघा समांतर असूं देत किंवा या दोन बाजू सारख्या असूं देत असें यंत्रास सांगावें, आणि यंत्रानें ती आकृति तशी करून दाखवावी. आजचे वास्तुशास्त्रज्ञ व यंत्ररचनाकार ज्या साधनांवर पोट भरतात, त्यांचा मूळपुरुष हाच. एकीकडे निव्वळ गंमत, दुसरीकडे निव्वळ काम. पण दोघांचीहि मागणी एकच होती, कीं यंत्रानें उत्तर कागदावर छापून न देतां डोळ्यांसमोर, हात हलतांच, काढून दाखवावें. मुलांच्या खेळांस ‘कालापव्यय’ म्हणून नाकें मुरडणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांनीं ही वंशावळ लक्षांत ठेवावी.

सदरलंड पुढें यूटा विद्यापीठांत गेला. तेथेंच जिम क्लार्क यानें १९७४ सालीं डॉक्टरेट मिळविली. हा क्लार्क नंतर स्टॅनफर्ड येथें अध्यापक झाला, आणि त्रिमितींतील बिंदु फिरविणें, जवळ-दूर करणें व पडद्याच्या सपाट पृष्ठावर बसविणें हें गणित केवळ त्याच कामासाठीं कोरलेल्या चिपेकडून करून घ्यावें, ही कल्पना त्यानें प्रत्यक्षांत आणली. ‘जॉमेट्री एंजिन’ या नांवानें १९८२ सालीं त्यानें तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिच्याच पायावर सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी उभी राहिली. तिचीं यंत्रें सामान्य गृहस्थाच्या आवांक्याबाहेरचीं होतीं. तीं विमानांचे कारखाने, प्रयोगशाळा आणि चित्रपटगृहांचे पुरवठेदार यांच्याकडे जात. १९९३ सालच्या ‘जुरासिक पार्क’ या चित्रपटांतील गणकयंत्रानें निर्मिलेले राक्षसी सरडे याच यंत्रांवर घडले.

येथें या चिपेच्या कामाचें स्वरूप सांगितलें पाहिजे, कारण पुढील सर्व व्यवहार त्यावर अवलंबून आहे. यंत्राच्या दृष्टीनें चित्र म्हणजे बहुधा लहानमोठ्या त्रिकोणांचा समुदाय; ते त्रिकोण योग्य जागीं बसवावयाचे आणि त्यांनीं व्यापलेल्या प्रत्येक बिंदूचा रंग ठरवावयाचा. साधारण पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे २० लक्ष ७३ हजार ६०० बिंदु असतात. प्रत्येकाचा रंग सेकंदास ६० वेळां ठरवावयाचा म्हटला, तर दर सेकंदास १२ कोटी ४४ लक्षांहून अधिक निर्णय घ्यावे लागतात. यांतील एकहि निर्णय फारसा कठीण नसतो. कठीण असते ती त्यांची संख्या. मोठ्या पंगतींत एखादा निष्णात आचारी स्वतः पानापानापुढें जाऊन मीठ वाढूं लागला, तर लोक उपाशीच उठतील. तेथें शंभर वाढपी हवेत, आणि त्यांना पाकशास्त्र येण्याची जरूरी नसते. गणकयंत्राचा मुख्य प्रोसेसर हा आचारी आहे. ग्राफिक्सची चिप ही वाढप्यांची पलटण आहे. खेळांतील धूर काढावयाचा असो कीं चित्रपटांतील सरडा, या पलटणीस त्याचें सोयरसुतक नाहीं.

यामुळेंच मोठ्या घरची ही विद्या खेळाच्या बाजारांत उतरण्यास विलंब लागला नाहीं. १९९६ सालच्या निंटेंडो ६४ या मुलांच्या खेळयंत्राची चिप सिलिकॉन ग्राफिक्सनेंच आंखली होती. त्याच कंपनींतून पूर्वीं बाहेर पडलेल्या तिघांनीं १९९४ सालीं थ्रीडीएफ्एक्स ही कंपनी काढली, आणि १९९६ मध्यें तिचें ‘वूडू’ कार्ड घरगुती गणकयंत्रांसाठीं बाजारांत आलें. हें कार्ड मोठें विलक्षण होतें. त्रिमिति खेळ तें अप्रतिम काढी, परंतु नेहमींचीं पत्रें किंवा हिशेब दाखविणें हें त्याचें कामच नव्हे. त्यासाठीं दुसरें साधें कार्ड यंत्रांत असावें लागे, आणि एकाची तार दुसऱ्यांतून ओंवून मग पडद्याकडे न्यावी लागे. खेळाचें कार्ड वेगळें आणि कामाचें वेगळें, असा भेद जर कधीं खरोखर लोखंडांत आणि तांब्यांत अस्तित्वांत असेल, तर तो त्या तारेंत होता. तो फार काळ टिकला नाहीं. १९९३ सालीं स्थापन झालेल्या एन्व्हिडिया कंपनीनें १९९९ मध्यें ‘जीफोर्स २५६’ हें कार्ड आणलें, आणि क्लार्कच्या चिपेचें जें वैशिष्ट्य, तें भूमितीचें गणित, पोरांच्या खेळण्यांत येऊन बसलें. एन्व्हिडियानें त्यास ‘जीपीयू’ असें नांव देऊन तें रूढ केलें. वस्तुतः सोनी कंपनीनें आपल्या १९९४ सालच्या प्लेस्टेशनमधील चिपेसाठीं हीच अक्षरें आधींच वापरलीं होतीं.

सिलिकॉन ग्राफिक्सला ही स्वस्ताई सोसली नाहीं. २००६ व २००९ अशी दोनदां तिनें दिवाळखोरी पुकारली. कॅलिफोर्नियांत माउंटन व्ह्यू येथें तिनें वापरलेल्या एका इमारतींत आज गणकयंत्रांच्या इतिहासाचें संग्रहालय आहे; तेथें एक जुनें पीडीपी-१ दुरुस्त करून चालू ठेवलें असून त्यावर ‘स्पेसवॉर’ खेळून दाखवितात.

आतां चमत्कार पाहा. निसर्गानें जो भेद पुसला, तो व्यापारानें पुन्हां लिहिला. जीफोर्स २५६ च्याच चिपेवर एन्व्हिडियानें ‘क्वाड्रो’ नांवाचें कार्ड काढलें. जीफोर्स खेळणाऱ्यांसाठीं, क्वाड्रो काम करणाऱ्यांसाठीं, आणि किंमत कितीतरी अधिक. कांहीं हिकमती लोकांनीं जीफोर्सवरील एखाददुसरा रोधक हलवून, किंवा नुसता ड्रायव्हर बदलून, त्याचें क्वाड्रो करून दाखविलें. न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्या अधिक किंमतींत कांहींच नव्हतें असें नाहीं. यंत्ररचनेच्या मोठमोठ्या प्रणालींचे कर्ते अमुक कार्डावर आमची प्रणाली तपासली आहे अशी हमी देतात, ती या महाग कार्डांस मिळते. पूल किंवा इंजिन आंखणाऱ्या संस्थेस त्या हमीचें मोल आहे. परंतु घरीं बसून लघुपट जोडणाऱ्या किंवा पुस्तकाचें मुखपृष्ठ रंगविणाऱ्या मुलीस ‘व्यावसायिक’ या एका शब्दासाठीं दाम मोजण्याचें कारण नाहीं. २०१९ सालीं एन्व्हिडियानें खेळाच्या कार्डांसाठींहि कलावंतांकरितां वेगळा ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर फुकट देण्यास आरंभ केला, तेव्हां तर या क्षेत्रापुरता तो पडदा आणखीच विरळ झाला.

येथवरचा इतिहास मेजावरील यंत्रांचा. लॅपटॉपचा इतिहास निराळा आहे, आणि त्याचा नायक, किंबहुना खलनायक, उष्णता हा आहे. चिपेंत शिरलेला विजेचा प्रत्येक वॅट अखेर उष्णता होऊन बाहेर पडतो. मेजावरच्या यंत्रांत मोकळी जागा असते, कार्डाला स्वतःचे पंखे असतात. लॅपटॉपांत तीच चिप वहीच्या जाडीच्या पेटींत, कळफलकाखालीं कोंडून घालावयाची असते. २००० सालीं ‘जीफोर्स२ गो’ आलें तेव्हांपासून आजपर्यंत या कोंडमाऱ्याशींच कारागिरांची झुंज चालू आहे. ती नेहमींच यशस्वी झाली असें नाहीं. जुलै २००८ मध्यें एन्व्हिडियानें जाहीर केलें कीं, लॅपटॉपमधील तिच्या कांहीं चिपा अपेक्षेहून अधिक प्रमाणांत निकामी होत आहेत, आणि त्यापायीं १५० ते २०० दशलक्ष डॉलरांचा बोजा हिशेबांत धरला. चिप तिच्या बैठकीला जोडणारें साहित्य पुनः पुनः तापून व निवून थकत होतें. २०१० सालीं ‘ऑप्टिमस’ ही युक्ति निघाली: हलकें काम प्रोसेसरांतच अंतर्भूत असलेल्या ग्राफिक्सनें करावें, आणि मोठी चिप जरूर तेव्हांच जागी व्हावी.

पण खरा घोटाळा झाला तो नांवांचा. आरंभीं लॅपटॉपच्या कार्डाच्या नांवापुढें ‘एम’ हें अक्षर असे, आणि जाणत्यास तेवढी सूचना पुरे होई. २०१४ सालच्या जीटीएक्स ९८० मध्यें २०४८ गणक-घटक होते, तर ९८०एम मध्यें १५३६. २०१६ मध्यें ‘एम’ गेला. आणि त्या पिढींत तो योग्य कारणानेंच गेला, कारण लॅपटॉपमधील चिपा मेजावरील चिपांच्या अगदीं जवळ आल्या होत्या. जीटीएक्स १०७० च्या लॅपटॉपमधील आवृत्तींत तर घटक २०४८, आणि मेजावरील आवृत्तींत १९२०, असा उलटा प्रकार होता. दुसऱ्या वर्षीं पातळ यंत्रांसाठीं ‘मॅक्स-क्यू’ ही पदवी आली: नांव तेंच, वीज कमी. त्याच सुमारास स्वस्त लॅपटॉपांत एमएक्स १५० नांवाचें एक छोटें कार्ड येऊं लागलें. त्याच्या दोन जाती आहेत, एक २५ वॅटची आणि दुसरी १० वॅटची, आणि दोघींचें नांव एकच, हें २०१८ सालीं परीक्षकांनीं उघडकीस आणीपर्यंत गिऱ्हाइकास कळावयास मार्ग नव्हता. २०२१ मध्यें ‘मॅक्स-क्यू’ हें शेपूटहि गळालें. मेजावरच्या आरटीएक्स ३०८० मध्यें ८७०४ घटक. लॅपटॉपच्या ३०८० मध्यें ६१४४, आणि त्यांनाहि लॅपटॉपच्या कर्त्यानें ८० वॅट द्यावे कीं १५० द्यावे, हें त्याच्या मर्जीवर. ओरड झाली, तेव्हां कंपनीनें लॅपटॉप बनविणारांना वॅटचा आंकडा प्रसिद्ध करण्यास सांगितलें. २०२३ सालच्या आरटीएक्स ४०९० ची कथा याहून मासलेवाईक आहे: मेजावर १६,३८४ घटक, २४ गीगाबाइट मेमरी व ४५० वॅट; लॅपटॉपांत ९७२८ घटक, १६ गीगाबाइट व ८० ते १५० वॅट.

इतिहासाच्या अभ्यासकास येथें मोगली मनसबीची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. अकबराच्या व्यवस्थेंत मनसबदारास ‘जात’ आणि ‘सवार’ असे दोन आंकडे लागूं लागले. पहिला दरबारांतील मानाचा, दुसरा बाळगावयाच्या घोडेस्वारांचा. शहाजहानच्या काळीं तर ठरलेल्या सवारांच्या तृतीयांश किंवा चतुर्थांश स्वार ठेविले तरी चालत असे. ‘पंचहजारी’ म्हणजे पांच हजार घोडीं, असें समजून जो हिशेब करील तो फसेल. पुरंदरच्या तहान्वयें १६६५ सालीं पंचहजारी मनसब मिळाली ती आठ वर्षांच्या संभाजीराजांस. कार्डाचें नांव हा ‘जात’ आंकडा आहे. ‘सवार’ पाहावयाचे तर वॅट व मेमरी पाहावी.

माझ्या एका विद्यार्थ्यानें वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधींतून पैसे काढवून एक सुबक, पातळ लॅपटॉप घेतला. आंत आरटीएक्स ४०७० होतें. त्याच्या मित्राकडे अंगानें थोराड, दिसावयास ओबडधोबड असा, ४०६० चा लॅपटॉप होता, आणि पुष्कळ हजारांनीं स्वस्त. दोघांनीं एकच त्रिमिति दृश्य उतरविण्यास लावलें, तों स्वस्त यंत्र आधीं मोकळें झालें. उलगडा अवघड नव्हता: लॅपटॉपच्या ४०६० ला आणि ४०७० ला, दोहोंनाहि, ३५ पासून ११५ पर्यंत कितीहि वॅट देण्याची मुभा आहे. पातळ यंत्रास खालच्या टोंकाजवळचा आंकडा मिळाला होता, थोराडास वरचा. वडिलांचे पैसे परत कसे यावे?

यासाठीं दुकानांत यंत्र चालू करवून घ्यावें आणि एन्व्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्यें ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ हें पान उघडावयास सांगावें. तेथें कमाल वॅटचा आंकडा दिसतो. विक्रेता कुरकुरला तर कुरकुरूं द्यावा.

मेमरीची गोष्ट वॅटहूनहि महत्त्वाची, विशेषतः काम करणारास. खेळांत कार्डाची मेमरी अपुरी पडली तर पोत जरा भरड ठेवावा आणि खेळत राहावें. शत्रूच्या चिलखतावरील नक्षी पुसट दिसल्यानें कोणाचें कांहीं अडत नाहीं. कामांत तसें नसतें. ब्लेंडर ही त्रिमिति चित्रणाची प्रणाली घ्या. नेदरलंड्समधील टोन रोझेंडाल यानें ती घडविली. १९९८ सालीं लोकांपुढें आलेली तिची पहिली आवृत्ति सिलिकॉन ग्राफिक्सच्याच यंत्रांसाठीं होती, आणि २००२ सालीं लोकवर्गणीनें एक लक्ष युरो जमवून ती सर्वांस मुक्त करण्यांत आली. गरीब कलावंतावर याहून मोठे उपकार या क्षेत्रांत क्वचितच झाले असतील. एन्व्हिडियानें २००७ मध्यें ‘कुडा’ या नांवानें आपल्या चिपेकडून चित्रांखेरीज इतर गणितहि करून घेण्याची सोय प्रसिद्ध केली, आणि २०११ पासून ब्लेंडरचें ‘सायकल्स’ हें चित्रणयंत्र तिचा उपयोग करूं लागलें. पण दृश्यांतील सर्व आकृति व पोत कार्डाच्या मेमरींत मावले पाहिजेत. न मावल्यास काम एक तर थांबतें, किंवा मुख्य मेमरीचा आधार घेत अत्यंत मंद चालतें. आतां लॅपटॉपच्या ४०५० मध्यें मेमरी ६ गीगाबाइट, ४०६० मध्यें ८, आणि ४०७० मध्यें पुन्हां ८ च. २०२५ सालीं आलेल्या ५०५०, ५०६०, ५०७० या तिन्ही लॅपटॉप-कार्डांत, तीं बाजारांत आलीं तेव्हां, मेमरी सारखीच ८ गीगाबाइट होती. सहाकडून आठाकडे जाण्यास पैसे मोजावे. आठाकडून आठाकडे जाण्यास मोजतांना दोनदां विचार करावा. ब्लेंडरमध्यें एएमडीच्या कार्डांचीहि सोय आहे, परंतु कुडाचीं मुळें इतक्या प्रणालींत पसरलीं आहेत कीं, काम हा मुख्य हेतु असेल तर माझा कल आजहि एन्व्हिडियाकडेच झुकतो. एका कंपनीची अशी मक्तेदारी बरी कीं वाईट, हा प्रश्न वेगळा; ती वाईटच.

आणि स्वतंत्र कार्ड मुळांत हवेंच कीं काय? इंटेलनें १९९९ सालच्या ‘८१०’ या संचांत ग्राफिक्स अंतर्भूत केलें, तेव्हांपासून त्या अंतर्भूत ग्राफिक्सची थट्टा करण्याची चाल पडली होती. ती आतां सोडावी. २०११ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत व्हिडिओ उलगडण्या-मिटण्यासाठीं स्वतंत्र मंडल आहे, आणि लग्नाच्या किंवा सहलीच्या चित्रफिती जोडणारास तेवढें पुष्कळदां पुरतें. एएमडीचें २०२३ सालचें ‘७८०एम’ हें अंतर्भूत ग्राफिक्स हलकेसलके खेळ सुखानें चालवितें. मात्र अशा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तें मुख्य मेमरींतूनच घास घेतें. म्हणून त्या यंत्रांत मेमरीची एकच पट्टी असेल तर त्याचा वेग बराच मंदावतो. दुकानांत हें कोणी आपण होऊन सांगत नाहीं. फोटो दुरुस्त करणें हेंहि बव्हंशीं प्रोसेसर व मुख्य मेमरी यांचें काम आहे. उलट स्वस्त ‘गेमिंग’ लॅपटॉपांत पुष्कळदां कार्ड बरें आणि पडदा फिका असतो. ज्या पडद्यावर तांबडा रंगच धड दिसत नाहीं, त्यावर मुखपृष्ठ रंगविणारी मुलगी छापखान्यांतून आलेली प्रत पाहून रडकुंडीस येईल. चित्रकामासाठीं यंत्र घेणारानें कार्डाआधीं पडद्याची चौकशी करावी असें माझें स्पष्ट मत आहे.

शेवटीं ‘कार्ड’ या शब्दाविषयीं. मेजावरील यंत्रांत तें खरोखरच कार्ड असतें, काढतां-घालतां येतें. लॅपटॉपांत ती चिप व तिची मेमरी बहुधा मुख्य पट्टिकेवर कायमची झाळलेली असते. वॅटचा हिशेब, ड्रायव्हर, पंख्याचा वेग हें पुढें थोडेंफार बदलतां येईल, पण कार्डाची मेमरी मागाहून वाढवितां येत नाहीं. काढतां येणारीं लॅपटॉप-कार्डें करण्याचा ‘एमएक्स्एम’ नांवाचा एक प्रयत्न २००४ च्या सुमारास झाला, आणि तो हळूहळू मागें पडला. अलीकडे फ्रेमवर्क या लहानशा अमेरिकन कंपनीनें १६ इंची लॅपटॉपांत मागील बाजूस सरकवून बसविण्याचा ग्राफिक्सचा स्वतंत्र भाग केला आहे. २०२४ सालीं त्यांत एएमडीची चिप मिळे. २०२५ मध्यें एन्व्हिडियाचें ५०७० बसविलेला भागहि निघाला, आणि तो पहिल्या सालच्या यंत्रांतहि बसतो.